हुक, कंटेनर आणि कॉम्प्युटर

(रोहिणखेड, ता. मोताळा, जि. बुलढाणा इथं तरुणांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी विद्वान नाही. दहावी पास. न्हावा शेव्याला ठेकेदाराच्या हाताखाली लॅशिंगचं काम करतो. लॅशिंग म्हणजे जहाजावर एकावर एक रचलेले कंटेनर लोखंडी सळयांनी जखडायचे. जहाज धक्क्याला लागलं की सळया सोडवायच्या, निघताना पुन्हा आवळायच्या. सळई माणसाहून उंच आणि पावसात डेक साबणासारखा. पाळी सुटल्यावर हात थरथरत असतात, त्या हातानं मी कविता लिहितो. म्हणून माझं अक्षर वाईट आहे. विचार वाईट आहेत की काय, ते तुम्ही ठरवा.

या गावाचं नाव इतिहासात आहे. 1437 साली इथं बहामनी आणि खानदेशची फौज भिडली. सोळाव्या शतकाच्या शेवटी पुन्हा निजामशाहीची तलवार चालली. राजांची, सरदारांची नावं पुस्तकात छापली. मेलेली घोडी कोणी ओढून नेली, त्याचं नाव कुठल्या पुस्तकात आहे? ते ओढणारे आपण. आपलं नाव आपल्यालाच लिहावं लागतं, म्हणून आज बोलायला उभा राहिलो.

मागच्या चौदा एप्रिलला याच ठिकाणी आपल्याच वस्तीतला एक मित्र बोलून गेला. हिंजवडीला आयटी कंपनीत होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, बाहेर गाडी. आपले पोट्टे त्याच्या गाडीला हात लावून पाहत होते. मीही पाहत होतो, खोटं कायले सांगू? मी आणि तो एका बाकावर बसलो. तो पुढं शिकला, मी गोदीत गेलो. माझ्या पोटात जळलं.

तो तीन गोष्टी बोलला. पहिली, कॉम्प्युटरला जात कळत नाही. जो शिकेल तो पुढं जाईल. दुसरी, करिअर करा, रडगाणं सोडा. तिसरी, राजकारण, मोर्चे, युनियन हा रिकामटेकड्यांचा धंदा. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. आज मला त्या टाळ्यांचा हिशेब द्यायचा आहे.

सुरुवात माझ्या आजोबांपासून करतो. 1972 च्या दुष्काळात ते मलकापूरला गाडीत बसले आणि मुंबईच्या गोदीत उतरले. हातात हुक, पाठीवर पोतं. हुक पोत्यात घुसवायचा, पोतं पाठीवर घ्यायचं. त्यांच्या आधीच्या माणसांनी त्यांना जुनी गोष्ट सांगितली होती. पूर्वी सकाळी गोदीच्या दारात टोळीवाला उभा राहायचा. बोट दाखवायचा, तू ये, तू नको. ज्याच्याकडं बोट गेलं त्याच्या घरी चूल पेटायची. मग 1948 साली गोदी कामगारांच्या रोजगाराचा कायदा झाला. मुंबईत गोदी कामगार मंडळ आलं. कामगाराची नोंद झाली, पाळीपाळीनं काम मिळू लागलं. आणि जहाज नसलं, कामगार हजर असला, तर हजेरीचे पैसे मिळू लागले. लक्षात ठेवा हा शब्द. हजेरी. काम नसणं हा माणसाचा गुन्हा नाही, हे या शब्दात कायद्यानं कबूल केलं. ते कुणी खुशीनं दिलं नाही, कामगारांनी लढून घेतलं.

मग पेटी आली. 26 एप्रिल 1956 ला अमेरिकेत माल्कम मॅकलीन नावाच्या माणसानं एका जुन्या तेलवाहू जहाजावर 58 कंटेनर चढवून पाठवले. तेव्हा सुटा माल चढवायला टनामागं 5 डॉलर 86 सेंट लागायचे. त्या जहाजाला 16 सेंटही लागले नाहीत. मधले साडेपाच डॉलर कुणाचे होते? हुकवाल्यांचे. ते कुणाच्या खिशात गेले? ते मी सांगायला नको.

ती पेटी आपल्याकडंही आली. न्हावा शेव्याच्या बंदरासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या. 1984 च्या जानेवारीत जासई परिसरात जमिनीचा भाव मागणाऱ्यांवर गोळीबार झाला, पाच शेतकरी मेले. दि. बा. पाटलांनी तो लढा लढवला आणि विकसित जमिनीचा साडेबारा टक्के वाटा मिळवला. 1989 ला बंदर सुरू झालं. 1994 ला मुंबईचं गोदी कामगार मंडळ पोर्ट ट्रस्टमध्ये विरघळलं. 1999 ला न्हावा शेव्यात पहिलं खाजगी टर्मिनल चालू झालं आणि 2022 ला बंदराचं स्वतःचं कंटेनर टर्मिनलही खाजगी हातात गेलं.

आता यात एक चोरी आहे. ती कुणी मोजत नाही. बंदर सरकारी होतं तेव्हा भरतीत आरक्षण होतं. घटनेचं कलम 16(4) सरकारी नोकरीपुरतं आहे. टर्मिनल खाजगी झालं की कलम गेटबाहेर. कुणी आरक्षण रद्द केलं नाही. कुणी संसदेत हात वर केला नाही. फक्त मालक बदलला. आजोबांना हजेरी होती. नातवाला ठेका आहे. यंत्र सुधारलं आणि माणूस 1948 च्या मागं गेला. दारातला टोळीवाला परत आलाय, आता तो व्हॉट्सअॅपवर बोट दाखवतो.

म्हणून मी यंत्राला शिव्या देऊ? नाही देणार. आजोबांची पाठ पन्नाशीत वाकली. आजी रात्री गरम विटेनं शेकायची. त्या पोत्यासाठी मी रडणार नाही. पोत्याची आरती पोतं न उचललेले लोक करतात. बाबासाहेबांनी 1945 च्या काँग्रेस आणि गांधींवरच्या पुस्तकात हेच मांडलंय. यंत्र माणसाला फुरसत देतं, आणि फुरसतीशिवाय माणूस जनावराच्या वर येत नाही. दोष यंत्राचा नाही, यंत्राचा फायदा मूठभरांना देणाऱ्या समाजरचनेचा आहे. चरख्याकडं चला म्हणणाऱ्यांना बाबासाहेबांनी दिलेलं हे उत्तर आहे. आपण बाबासाहेबांची लेकरं. आपण यंत्र फोडणारे नाही, यंत्रावर हक्क सांगणारे.

पण मित्रा, यंत्राला जात कळत नाही, हे तुझं वाक्य मी घेऊ शकत नाही. मुंबईच्या गिरणीत विणाईखात्यात पगार जास्त होता. तिथं आपल्या माणसाला प्रवेश नव्हता. का? धोटा भरताना सूत तोंडानं ओढावं लागायचं. आपली थुंकी लागलेला धोटा सवर्ण विणकर कसा तोंडाला लावील? यंत्र विलायतेहून आलं होतं, त्याला ना मनू माहीत, ना महारवाडा. पण इथं आल्यावर त्या लोखंडाला विटाळ होऊ लागला. 1928 च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांच्या तोंडावर मारला. वर्गाच्या गप्पा मारणारे जातीवर गप्प बसतात, ही तेव्हापासूनची कहाणी.

आणि हे जुनं झालं म्हणू नका. 2020 साली अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्याच्या सरकारी विभागानं सिस्को कंपनीवर खटला भरला. तक्रार अशी, की एका दलित इंजिनियरला त्याच्या सवर्ण भारतीय साहेबांनी जातीवरून छळलं. दोन साहेबांवरचा दावा 2023 ला मागं घेतला, कंपनीवरचा ठेवला. खरंखोटं कोर्ट बघेल. पण त्याच 2023 साली सिएटल शहरानं जातिभेदावर बंदीचा कायदा केला. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानंही विधेयक मंजूर केलं, पण गव्हर्नरनं सही नाकारली. सातासमुद्रापार, कॉम्प्युटरच्या माहेरघरात, जातीवर कायदा करायची पाळी येते. जात तिथं कशी पोचली? विमानानं. व्हिसा काढून.

आणि उलटं बघा. 23 ऑगस्ट 2023 ला आपलं यान चंद्रावर अलगद उतरलं. अभिमान वाटला, मलाही वाटला. त्याच वर्षी ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं, की गटारात मेलेल्या माणसाची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख करा. मैला वाहण्याविरुद्धचा कायदा 2013 चा. गटार उपसणारं यंत्र या देशात बनतं, केरळच्या पोरांनी बनवलंय. मग माणूस का उतरतो? कारण माणूस स्वस्त आहे आणि तो कुठल्या वस्तीतला आहे ते मुकादमाला माहीत आहे. जिथं आपली भाकरी असते तिथं यंत्र धावत येतं. जिथं आपला जीव जातो तिथं त्याला रस्ता सापडत नाही.

आता करिअर. मित्र म्हणाला, रडगाणं सोडा. बाबासाहेब मजूरमंत्री होते, व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात. 1946 ला कारखान्यातला आठवडा 54 तासांवरून 48 वर आला, त्या बदलामागं ते होते. 2023 साली इन्फोसिसचे नारायण मूर्ती म्हणाले, तरुणांनी आठवड्याला 70 तास राबावं. 48 कुठं, 70 कुठं? मधले 22 तास कुणाचे? त्या 22 तासांत माणूस पुस्तक वाचतो, पोराला खांद्यावर घेतो, अशा मेळाव्याला येतो. ते 22 तास गेले की माणूस उरत नाही, करिअर उरतं.

डिसेंबरात एका रात्री, मी पाळीवरून आलो होतो, या मित्राचा फोन आला. गाडीवाल्या मित्राचा. त्याच्या परवानगीनं सांगतो, नाव सांगणार नाही. कंपनीनं त्याला बेंचवर टाकलं होतं. बेंच म्हणजे काम नाही, प्रोजेक्ट नाही, नुसतं बसायचं. थोडे दिवस पगार. मग एका खोलीत बोलावलं, दहा मिनिटं. राजीनाम्यावर सही कर, नाहीतर पुढच्या नोकरीला शिफारस मिळणार नाही. त्यानं सही केली.

मी विचारलं, "अन् बाकीचे?"

म्हणाला, "बाकीचे खाली मान घालून स्क्रीनकडे बघत होते. मागच्या महिन्यात दुसऱ्याले बोलावलं तवा मीबी तेच केलं."

मग बराच वेळ गप्प. मग म्हणे, "तुमच्यात युनियन असते ना रे? काय करा लागते त्याच्यासाठी?"

खरं सांगतो. पहिल्यांदा मला बरं वाटलं. मनात आलं, आता कळलं का, इस्त्रीवाल्या? दुसऱ्या क्षणाला माझी मलाच लाज वाटली. माझ्या आजोबांना जे हजेरीचे पैसे मिळायचे, ते या एवढ्या शिकलेल्या पोराला नव्हते. त्याच्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की माझ्या ठेकेदाराला इंग्रजी येत नाही.

आणि तो एकटा नाही. 2025 च्या जुलैत टीसीएसनं सुमारे 12 हजार माणसं कमी करायचं जाहीर केलं. देशातली सगळ्यात मोठी आयटी कंपनी, 1968 पासूनची. हजारोंना एकाच वेळी कळलं की आपण कामगार आहोत. हे आधी कळलं असतं तर? 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगाराच्या व्याख्येत तांत्रिक काम करणारा धरलेला होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवी संहिता लागू झाली, तिच्यातही तो शब्द आहे. गळ्यातल्या पट्ट्यावर काहीही छापलेलं असो, हातातलं काम बघतात. पण आपल्या पोराला कामगार म्हटलं की कमीपणा वाटतो. शिकलो म्हणजे बापाच्या घामातून सुटलो, असं वाटतं. बामणाच्या पोराला ऑफिसात मामा असतो, काका असतो. आपल्या पोराला कोण? त्याला फक्त शेजारच्या टेबलावरचा माणूस. अन् त्याच्याशी तो जात कळेल म्हणून बोलत नाही. आडनाव झाकून बसलेला माणूस युनियन कशी करील?

म्हणून तिसरी गोष्ट, राजकारण. मित्रांनो, निवडणुकीत मटणाच्या पंगतीला बसणं, नेत्याच्या गाडीमागं मोटारसायकली पळवणं, याला तो रिकामटेकड्यांचा धंदा म्हणाला असेल तर मी त्याच्या बाजूनं आहे. ते राजकारण जाळून टाका. पण हजेरीचा पैसा हे राजकारण होतं. 48 तास हे राजकारण होतं. तो मित्र ज्या शिष्यवृत्तीवर शिकला, ती राजकारणातूनच आली. राजकारण सोडा म्हणणारा माणूस ज्या फांदीवर बसलाय, ती लावली कुणी, हे विसरतो.

2017 च्या जूनमध्ये कॉम्प्युटरच्या एका विषाणूनं न्हावा शेव्यातलं एक टर्मिनल बंद पाडलं. जुने कामगार अजून सांगतात, क्रेन धडधाकट, धक्का धडधाकट, जहाज उभं, पण पडदा काळा. बाहेर गाड्यांच्या रांगा. त्या दिवशी गोदीला दोन माणसं एकदम आठवली, कॉम्प्युटर सुरू करणारा आणि हातानं काम करणारा. दोघांनी त्या दिवशी एकमेकांचं नाव विचारलं असतं तर किती बरं झालं असतं.

पोट्ट्यांनो, शिका. माझ्यासारखे दहावीवर थांबू नका, मी थांबलो त्याचा मला रोज पश्चात्ताप होतो. विहारात एक कॉम्प्युटर आणा, वर्गणी काढा, माझे हजार रुपये पहिले धरा. पोरींना आधी बसवा. पण शिकताना विचारा, हे यंत्र कुणाचं, याचा वाचलेला वेळ कुणाला मिळतो? नोकरीला लागलात तर आडनाव सांगा, मोठ्यानं सांगा. दहा मिनिटांच्या खोलीत एकटे जाऊ नका, आणि न वाचता, न विचारता सही करू नका. खाजगी नोकरीत आरक्षण मागा, आणि मागताना शेजारच्या टेबलावरच्याला सोबत घ्या.

तो मित्र आज इथं मागच्या रांगेत बसलाय. त्याच्या गाडीचे हप्ते थकलेत, म्हणून एस.टी.नं आला. त्यानं मला सांगितलंय, विहारातल्या कॉम्प्युटरवर तो शिकवील, फुकट. अन् मी त्याला आमच्या युनियनची पावती कशी फाडतात ते दाखवणार आहे. हा आमचा सौदा.

मला उद्या रात्री मलकापूरहून गाडी आहे, परवा पहिली पाळी. वर्गणीची वही इथं ठेवतो.

जय भीम.