हातमोज्यांचे पैसे कुणी द्यायचे?



गणपतीच्या मांडवात दवाखान्याच्या बिलांचा विषय कशाला, असे एक-दोघांनी विचारले. हा विषय आम्ही मुद्दाम मागून घेतला आहे. गेल्या वर्षभरात मंडळातल्या आठ-दहा घरांची बिले आमच्या नजरेखालून गेली. आम्ही चौघे राज्य सरकारी नोकर. एक हिशेब खात्यातला, बाकीचे डिप्लोमा करून चिकटलेले. औषधातले आम्हाला कळत नाही, पण बिलाची ओळ वाचता येते.

एका सभासदाच्या आईचे हर्नियाचे ऑपरेशन झाले. तीन दिवस मुक्काम, विमा कॅशलेस. घरी निघताना काउंटरवर साडेनऊ हजार मागितले. कसले? हातमोजे, टोप्या, गाऊन, चादर, जंतुनाशक, अ‍ॅडमिशन किट, हाउसकीपिंग आणि शेवटी ‘इतर’. त्या आजींची पेन्शन किती असेल, अंदाज करा. त्या महिन्याची साखरेची औषधे उधारीवर आणावी लागली.

विमा नियामकाने, म्हणजे इर्डाने, अशा वस्तूंच्या चार याद्या केल्या आहेत. पहिलीत ६८ बाबी आहेत. हातमोजे, क्रेप बँडेज, डायपर आणि तपशील न दिलेले कुठलेही ‘किट’. पॉलिसीत वेगळे घेतले नसेल तर हे पैसे आपलेच जातात. (आता हातमोज्यांसाठीही जादा हप्त्याचे कव्हर विकतात. रोग एक आणि हप्ते दोन!) पण उरलेल्या तीन याद्या नीट वाचायला हव्यात. टोपी, गाऊन, स्वच्छ चादर, अ‍ॅडमिशन किट, हाउसकीपिंग, फाइल उघडण्याचा खर्च हे सगळे खोलीभाड्यात धरायचे. कापूस, गॉज, सर्जिकल ब्लेड ऑपरेशनच्या खर्चात. स्पिरिट, अल्कोहोल स्वॅब, युरीन बॅग उपचाराच्या खर्चात. कंपनी म्हणते भाड्यात आले, दवाखाना वेगळी ओळ लावतो, आणि मधली रक्कम पेशंटच्या गळ्यात पडते.

या याद्या विमा कंपन्यांसाठी आहेत, हे खरे. पण कॅशलेस दवाखान्याचा कंपनीशी दरांचा करार असतो. म्हणून पैसे भरण्याआधी काउंटरवरूनच कंपनीला किंवा टीपीएला फोन लावावा. आजींच्या बाबतीत आम्ही ओळीवार बिल मागितले आणि यादी पुढे ठेवली. ३,१०० रुपये कमी झाले. हातमोजे राहिले, कारण ते पहिल्या यादीतले.

दाताच्या दवाखान्यात तर बहुधा विमाच नसतो. रूट कॅनॉलचा आकडा आधी सांगतात, आणि मग प्रत्येक बैठकीला ‘स्टरिलायझेशन व डिस्पोझेबल’ म्हणून दोनशे-तीनशे वर. ही सवय कोरोनात बळावली. तेव्हा पीपीई किटचा खर्च खराच होता. मे २०२० मध्ये महाराष्ट्राने खाजगी रुग्णालयांना दिवसाचे ४,०००, ७,५०० आणि ९,००० असे दर बांधून दिले, पण पीपीई त्यातून बाहेर ठेवले. पुढच्याच महिन्यात दिल्लीने दर ठरवले ते पीपीई धरून. म्हणजे मनात आणले तर आत धरता येते. साथ गेली, ओळ मात्र राहिली.

डॉक्टरांची बाजूही सांगायला हवी. आमच्यातल्या मेकॅनिकलवाल्याला ऑटोक्लेव्ह नवा नाही. १२१ अंश, चौरस इंचाला १५ पौंड दाब, १५ मिनिटे. वीज लागते, माणूस लागतो. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम पाळायलाही पैसे पडतात. हा खर्च फीमध्ये घालून फी वाढवा, आम्ही देऊ. पण स्वच्छता वेगळी विकायची वस्तू कशी होईल? खानावळीत ताट घासल्याचे पैसे निराळे मागत नाहीत. आणि ते तीनशे न देणाऱ्याच्या तोंडात काय न उकळलेला चिमटा घालणार?

किमतीचे म्हणाल तर फेब्रुवारी २०१८ मध्ये औषध दर प्राधिकरणाने दिल्ली परिसरातल्या चार खाजगी रुग्णालयांची बिले तपासली. सलाईनच्या नळीला लावायचा ५ रुपये ७७ पैशांचा स्टॉपकॉक १०६ रुपयांना लावलेला निघाला. नफा १,७३७ टक्के!

आपल्याकडे कर्नाटकात खाजगी वैद्यकीय संस्थांचा कायदा २००७ पासून आहे. त्याच्या दुरुस्तीविरुद्ध नोव्हेंबर २०१७ मध्ये हजारो डॉक्टर इथेच, बेळगावात, सुवर्ण सौधाकडे जमले होते, ते अनेकांना आठवत असेल. त्या दुरुस्तीने जिल्ह्याच्या नोंदणी प्राधिकरणाकडे तक्रारींचेही काम आले आणि डी.सी. त्याचे अध्यक्ष. दरपत्रक दवाखान्यात लावले पाहिजे, हेही कायद्यात आहे. फलक कुठल्या भाषेत, हा वाद आज नको. आकडा समजला म्हणजे झाले.

भरती होण्याआधी एवढेच विचारा की पॅकेजमध्ये काय धरले आहे आणि काय नाही, आणि ते कागदावर लिहून घ्या. ‘इतर’ म्हणजे काय, हेही विचारा. काउंटरवरच्या मुलीवर मात्र ओरडू नका, दर तिने ठरवलेले नाहीत.

चारही याद्या मराठीत करून आम्ही झेरॉक्स आणल्या आहेत. तक्रार अर्जाचा नमुना मराठी आणि कन्नड दोन्हींत आहे. आरती झाली की प्रसादाच्या टेबलाशेजारी आम्ही बसतो. ज्यांच्या घरी बिल पडून असेल त्यांनी उद्या घेऊन यावे, पावतीसह.