संशय हा पुरावा नव्हे



आम्ही बँकेत कारकुनी करतो. व्हाउचर नसेल तर आमच्याकडे पाच रुपयांचीही नोंद होत नाही. पण एखाद्या बाईच्या नावापुढे ‘चेटकीण’ अशी नोंद करताना समाज कोणताच कागद मागत नाही. त्याविषयी आज बोलायचे आहे.

आमच्या लहानपणी फलटण तालुक्यातील आमच्या गावी एक विधवा आजी एकट्या राहत. कुणाची म्हैस आटली, कुणाचे पोर तापाने फणफणले, की देवऋषी त्यांच्या घराकडे बोट दाखवी. एकदा त्यांनी आम्हाला गुळाचा खडा दिला. घरी कळताच तो थुंकायला लावला. पुढे आम्हीही त्यांचे दार टाळू लागलो. त्यांच्या नावावर विहिरीलगतची थोडी जमीन होती आणि ती भावकीला हवी होती, हे आम्हाला फार उशिरा कळले. त्या गेल्या तेव्हा चार खांदेकरी जमेनात.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स वसाहतीतील सेलम येथे १६९२ साली काही मुलींना झटके येऊ लागले आणि त्यांनी माणसांची नावे घेतली. ‘हिची आकृती येऊन मला छळते’ एवढे सांगणे न्यायालयाने पुरावा मानले. ती आकृती दुसऱ्या कोणालाच दिसत नव्हती. मग आरोपीने खोडून तरी काय काढावे? १४ स्त्रिया व ५ पुरुष, अशा १९ जणांना फाशी झाली. त्यांत जॉर्ज बरोज हे धर्मोपदेशकही होते. जाइल्स कोरी या वृद्ध शेतकऱ्याने खटल्याला उत्तर देण्यास नकार दिला, तेव्हा अंगावर दगड रचून त्यांचा जीव घेतला. खोटी कबुली देऊन तीवर कायम राहिलेले फाशीतून वाचले. ‘आम्ही निर्दोष आहोत’ असे खरे बोलणारे फासावर गेले.

आपल्या सातपुड्यात, नंदुरबार भागात, ‘डाकीण’ ठरवून स्त्रियांना मारहाण झाली, खूनही झाले. तिथेही आजारपण येते, भगत नाव घेतो आणि गाव मान डोलावते.

आपल्या साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर अशा प्रथांविरुद्ध कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षे झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. अमुक व्यक्ती करणी करते, जनावरांचे दूध आटवते, असे सांगून तिच्याविषयी संशय पसरवणे हाही त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड.

पण कायद्याला तक्रार करणारा माणूस लागतो. केवळ ऐकीव गोष्ट खरी मानू नका, स्वतः पारखा, असे तथागतांनी कालामांना सांगितले होते. ती पारख आपल्या आळीत कोण करणार?

विद्यार्थी मित्रहो, सेलमच्या खटल्यांत दोषी ठरलेल्या एलिझाबेथ जॉन्सन या तरुणीची फाशी टळली, पण कलंक राहिला. आठवीच्या मुलामुलींनी आपल्या शिक्षिकेसह पाठपुरावा केला, तेव्हा २०२२ साली तिचे नाव निर्दोष ठरले. म्हणजे हे काम तुमच्या वयाची मुले करू शकतात.

पुढे कोणी असे नाव घेतले, तर एकच विचारा : पुरावा काय? त्या आजींच्या वेळी आम्ही विचारले नाही. तुम्ही विचारा.

जयभीम.