विद्या वाटल्याने वाढते
(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



देवळाचा जीर्णोद्धार लोकवर्गणीतून झाला. कोणी रोख दिली, कोणी वाळूची गाडी आणली, कोणी अंगमेहनत केली. परंतु ज्याच्याजवळ यांपैकी काहीच नाही, त्याच्याजवळही देण्याजोगी एक वस्तू असते. ती म्हणजे त्याला अवगत असलेली विद्या.

गावोगाव असे घडते, की एखादा जाणता माळी आयुष्यभर कलमे बांधतो आणि युक्ती कोणास सांगत नाही. तो गेला म्हणजे विद्याही त्याच्याबरोबर जाते. पुढच्या पिढीला सारे पहिल्यापासून शिकावे लागते व त्यात वर्षे फुकट जातात.

याच्या उलट उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. गणिताचे प्राध्यापक कै. श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. आपल्या बागेत प्रयोग करावा, निकाल पत्राने किंवा भेटीत दुसऱ्याला कळवावा, अशी ही साधी रीत. तेथे गुरूही शेतकरी आणि शिष्यही शेतकरीच! पुष्कळ द्राक्ष बागायतदार या रीतीने एकमेकांचे शिक्षक झाले. दाभोळकरांना जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. २००१ साली ते निवर्तले, परंतु रीत मागे राहिली.

द्राक्षाच्या ‘तास-ए-गणेश’ आणि ‘सोनाका’ या जातीही शेतकऱ्यांच्याच नजरेतून आल्या. पहिली तासगाव तालुक्यातली, दुसरी सोलापूर जिल्ह्यातील नान्नजची. थॉम्पसन जातीच्या वेलीत वेगळेपण दिसले, ते त्यांनी जपले आणि वाढविले. ती काडी एकाच बागेत कोंडून राहिली असती, तर आज तिचे नावही कोणास ठाऊक नसते.

आता घरच्या झाडाची गोष्ट. पुष्कळजण पाणी बुंध्याशीच ओततात. वाढलेल्या झाडाची अन्नपाणी घेणारी बारीक पांढरी मुळे बुंध्यापासून दूर पसरलेली असतात. म्हणून भर दुपारी सावलीची कड जेथे पडते, तेथे आळे करावे आणि वर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. ओल टिकते, पाणीही कमी लागते. एवढे शेजाऱ्याला सांगायला पैसा पडत नाही; मात्र उन्हाळ्यात त्याने एखादे झाड वाचते.

यास्तव विनंती अशी, की देवळात एक वही ठेवावी. ज्याने कलम बांधले, रोप लावले, त्याने ते कसे केले व काय झाले हे लिहावे. फसलेले तर अवश्य लिहावे, म्हणजे दुसरा फसणार नाही. ज्याला लिहिता येत नाही, त्याचे शाळेतल्या मुलांनी लिहून घ्यावे. महिन्यातून एकदा आरतीनंतर एका जाणत्याने पारावर बसून चार लोकांना हाताने करून दाखवावे.

दगडी देऊळ एकदा बांधून पुरे होते. विद्येचे देऊळ मात्र रोज बांधावे लागते, आणि त्याची वर्गणी प्रत्येकाला परवडणारी आहे. ती देण्याची बुद्धी ग्रामदैवत सर्वांना देवो.