रेडिओचा कान

श्रोतेहो, आवाज लहानमोठा करायचे बटण फिरवणे याला आपल्याकडे ‘रेडिओचा कान पिळणे’ म्हणतात. हा कान चांगला कसा ओळखावा आणि किती पिळावा, एवढेच आज सांगायचे आहे.

फिरत्या बटणामागे एक लहानशी डबी असते. तिच्यात घोड्याच्या नालेसारखी वाकवलेली कार्बनची पट्टी असते. बटण फिरवले की तिच्यावरून धातूची एक जीभ सरकते. जीभ जिथे टेकेल, त्या मानाने कमीजास्त विद्युत्-संदेश पुढे जातो.

आता गंमत पाहा. अंधाऱ्या खोलीत एक पणती लावली, की केवढा उजेड वाटतो! पण दहा पणत्या जळत असताना अकरावी लावली, तर ती ध्यानातही येत नाही. कानाचेही तसेच आहे. आवाज दुप्पट वाटायला त्याची शक्ती सुमारे दहापट करावी लागते. म्हणून पट्टी सरळ हिशेबाची असली, तर जरासे फिरवताच आवाज अंगावर येतो आणि पुढे कितीही फिरवा, फरक थोडाच. चांगल्या पट्टीची घडण वेगळी असते. अर्धे वळण झाले तरी साधारण दहावा हिस्साच संदेश ती पुढे सोडते. त्यामुळे आवाज पायरीपायरीने चढतो.

तेव्हा रेडिओ घेताना दुकानातच बटण सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा. ते डुगडुगता कामा नये. मध्येच आवाजाने उडी मारू नये आणि शेवटच्या टोकाला तो अगदी बंद व्हावा.

जुन्या संचाचे बटण फिरवताना खरखर होते. पट्टीवर धूळ बसली किंवा ती झिजली, की असे होते. रेडिओ बंद करून बटण वीस-पंचवीस वेळा पूर्ण फिरवा. पुष्कळदा तेवढ्याने भागते. नाहीच भागले, तर कारागिराला दाखवा. खोबरेल मात्र घालू नका. तेलावर धूळ अधिकच चिकटते. विजेवर चालणारा संच घरी उघडू नका, त्यात जिवाला धोका आहे.

शिक्षकमित्रांनो, वर्गात रेडिओ लावला की शेवटच्या बाकामागे उभे राहून ऐका. तिथे शब्द कळेनात, तर आधी संच मुलांच्या कानाच्या उंचीवर, वर्गाच्या मध्यावर ठेवा. बटण पार टोकाला नेले, तर लहान संचाचा आवाज फाटतो. मग ‘ताट’ कोणते आणि ‘थाट’ कोणता, हेच मुलाला उमगत नाही. धडा मोठ्याने होतो, पण पोचत नाही.

शेवटची गोष्ट कानात घालायच्या यंत्रांची. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की 80 डेसिबलचा आवाज आठवड्यात 40 तास ऐकणे चालते. 90 डेसिबलचा मात्र 4 तासच. कानातल्या सूक्ष्म पेशी एकदा मेल्या, की पुन्हा उगवत नाहीत. रेडिओचे बटण बदलून मिळते, पोराचा कान बदलून मिळत नाही. म्हणून कान पिळायचा तो बेताने.