दार कुठल्या आकड्यावर?



आपल्या बॅचने शाळेला दिलेल्या संगणक कक्षाबद्दल मी दोन शब्द बोलावेत असं ठरलं आहे. मी फक्त एका कागदाबद्दल बोलणार आहे. कक्षातल्या कपाटाच्या दाराला आतून तो चिकटवला आहे. मघाशी गणिताच्या बाईंनी तो वाचला आणि विचारलं, "हे १, ६५, १२९ काय गं? पाढा तर दिसत नाही."

पाढाच आहे बाई. चौसष्टचा, दरवेळी एक मिळवून.

शाळेतल्या प्रत्येक संगणकाला एक क्रमांक आहे. सगळ्यांची सुरुवात १९२.१६८.१० अशी, आणि शेवटचा आकडा ० ते २५५ मधला. या २५६ क्रमांकांचे मी चौसष्टचे चार गट केले: पहिला कार्यालयाला, दुसरा शिक्षकांच्या खोलीला, तिसरा संगणक कक्षाला, चौथा मोकळा. गट वेगळे असले की कुणाला कुठे जाऊ द्यायचं हे मधल्या राउटरवर ठरवता येतं. गुणपत्रिका कार्यालयाच्या संगणकात असतात, आणि आपल्यासारखी कार्टी आजही शाळेत असणारच.

गटातला पहिला क्रमांक हे त्या गटाचं नाव, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारण्यासाठी. ते यंत्रांना देत नाहीत. उरले ६२. आता, वर्गातल्या वर्गात चिठ्ठी बाकावरून बाकावर जाते, पण वर्गाबाहेर जायची तर दारातूनच जावं लागतं. दार कुठल्या क्रमांकावर आहे हे प्रत्येक संगणकाला आधी सांगून ठेवावं लागतं. त्यालाच डीफॉल्ट गेटवे म्हणतात. ६२ पैकी कुठला क्रमांक दाराला द्यायचा, याची सक्ती नाही. गटातला हवा आणि दुसऱ्या कुणाला दिलेला नको, एवढंच. या मोकळिकीमुळेच मी एकदा फसले.

नोकरीचं दुसरं वर्ष होतं. एका कारखान्याच्या कार्यालयात नेटवर्क बसवत होते. १ हा क्रमांक हजेरीच्या जुन्या यंत्राने अडवला होता. तो बदलायचा तर चार जणांना विचारावं लागलं असतं. मी ३७ रिकामा बघितला, राउटरला देऊन टाकला आणि कुठे लिहून ठेवला नाही. वर्षभराने तिथल्या मुलाने नवा प्रिंटर आणला. त्याच्या यादीत ३७ कोरा होता, म्हणून त्याने तो प्रिंटरला दिला. मग काही संगणकांना ३७ म्हणजे राउटर वाटायचा, काहींना प्रिंटर. एकाचं इंटरनेट चालू, शेजारच्याचं बंद, थोड्या वेळाने उलट. नेमका पगाराचा दिवस, आणि लेखा विभागाचा संगणक प्रिंटरलाच दार समजून बसलेला. मला फोन आला तोपर्यंत संध्याकाळ झाली होती. एकाच क्रमांकामागे दोन यंत्रं आहेत हे शोधायला तास गेला आणि बँकेची वेळ टळली. कामगारांना पगार एक दिवस उशिरा मिळाला. चूक माझी होती, हे मी दुसऱ्या दिवशी जाऊन साहेबांना सांगितलं. पण तोवर त्या मुलाला सगळ्यांसमोर बोलून झालं होतं.

तेव्हापासून दार पहिल्या वापरता येणाऱ्या क्रमांकावर. म्हणून १, ६५, १२९. काहीजण शेवटचा धरतात, म्हणजे ६२, १२६, १९०. त्यातही गैर काही नाही, सगळीकडे एकच पद्धत ठेवली की झालं. इथे मात्र पहिलाच बरा, कारण संगणक कक्षाच्या लगतचा गट मी मुद्दाम मोकळा ठेवला आहे. पुढच्या बॅचने आणखी संगणक दिले की ते दोन गट जोडून १२८ ते २५५ असा एक मोठा गट होईल. तेव्हा मास्क २५५.२५५.२५५.१९२ चा २५५.२५५.२५५.१२८ करावा लागेल, पण दार १२९ वरच राहील. शेवटचा धरला असता तर १९० हे दार नव्या गटाच्या ऐन मध्यात आलं असतं, माझ्या त्या ३७ सारखं.

संगणकाच्या सरांना एक विनंती. घरच्या राउटरचा क्रमांक बहुधा १ ने संपतो, त्यामुळे कुणीतरी सवयीने कक्षातल्या संगणकालाही दार म्हणून १ देईल. कक्षातले संगणक एकमेकांशी बोलतील, कक्षातला प्रिंटरही चालेल, फक्त बाहेरचं काही उघडणार नाही. अशा वेळी केबल बदलत बसण्याआधी हा आकडा बघा. प्रिंटरसारख्या यंत्रांना हाताने क्रमांक द्यायचे तर १३० ते १३९ ठेवले आहेत. मुलांच्या संगणकांना १४० च्या पुढचे आपोआप मिळतात.

रंगकामात शिपाईकाकांनी कागद काढलाच, तर एक प्रत मुख्याध्यापकांच्या फाईलमध्ये आहे. आणि हे भाषण स्मरणिकेत येणार असेल तर संपादक मंडळाने बाकी काहीही कापावं, आकडे तेवढे तपासून छापावेत: कार्यालय १, शिक्षकांची खोली ६५, संगणक कक्ष १२९.