तार बसवल्यानंतर



या अधिवेशनात डीप ब्रेन स्टिम्युलेशनच्या, म्हणजे डीबीएसच्या, कितीतरी चित्रफिती आपण पाहिल्या. यंत्र सुरू होते, थरथरता हात स्थिरावतो आणि सभागृह टाळ्या वाजवते. त्या टाळ्यांत मीही मनापासून सामील होते. मात्र आज मला बोलायचे आहे ते रुग्ण घरी गेल्यानंतरच्या वर्षांविषयी.

त्यासाठी आधी थोडे मागे जाऊ. १९८७ साली फ्रान्समधल्या ग्रनोबल शहरात आलिम-लुई बेनाबिद कंपावरची तेव्हाची रूढ शस्त्रक्रिया करत असत. तीत थॅलॅमसचा एक ठिपका जाळायचा असे. जाळण्याआधी जागा बरोबर आहे ना, हे विद्युत्प्रवाह सोडून पाहत. सेकंदाला शंभराच्या आसपास स्पंदने दिली की कंप थांबे, प्रवाह बंद केला की परते. मग जाळायचे कशाला, तारच तिथे ठेवू, हा विचार पुढे आला. अमेरिकेत माहलन डिलाँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवून दिले, की पार्किन्सनसदृश आजार झालेल्या माकडांचा सबथॅलॅमिक न्यूक्लियस निकामी केला तर त्यांची हालचाल सुधारते. त्या आधारावर १९९३ पासून ग्रनोबलच्या गटाने पार्किन्सनच्या रुग्णांत तिथे तारा बसवायला सुरुवात केली. २०१४ चा लास्कर पुरस्कार बेनाबिद आणि डिलाँग या दोघांना मिळाला.

जाळलेला भाग परत मिळत नाही. प्रवाह मात्र कमी-जास्त करता येतो. डीबीएसचे सारे बळ यात आहे. म्हणून प्रवाह जुळवणारे हात रुग्णाच्या आवाक्यात नसतील, तर आपण त्याला निम्माच उपचार दिला, असे मी मानते.

जुळवणे म्हणजे काय, ते पाहा. नेहमीच्या तारेच्या टोकाला चार संपर्कबिंदू असतात, प्रत्येक दीड मिलिमीटरचा. त्यांतला कोणता वापरायचा, प्रवाह किती, स्पंदन किती मायक्रोसेकंदांचे, सेकंदाला किती वेळा हे सगळे ठरवायचे असते. पार्किन्सनमध्ये ६० मायक्रोसेकंद आणि १३० हर्ट्‌झपासून आपण बहुधा सुरुवात करतो. खरे काम त्यापुढे असते. कंप काही सेकंदांत उत्तर देतो, ताठरपणा थोडा वेळ घेतो आणि डिस्टोनियात तर फरक दिसायला आठवडे, कधी महिने जातात. सोबत पार्किन्सनच्या गोळ्याही कमी करायच्या असतात; घाई केली तर माणूस चालू लागतो, पण मनाने खचतो, कशातच रस घेत नाही. हे काम घड्याळाकडे पाहत होणारे नाही. गडचिरोलीच्या किंवा सिंधुदुर्गाच्या रुग्णाने दर फेरीला मुंबई-पुणे गाठायचे, सोबतच्या मुलाने मजुरी बुडवायची, ही अपेक्षा आपण किती सहज करतो!

आता फिजिओथेरपिस्ट मित्रांशी. खांदा धरला, कंबर दुखली, की आपल्या गावोगावच्या दवाखान्यांत शॉर्टवेव्ह डायथर्मीचा शेक देतात. डीबीएसच्या रुग्णाला तो चुकूनही देऊ नका. शरीरावर कुठेही दिला तरी ती ऊर्जा तारेतून मेंदूतल्या टोकापर्यंत पोहोचून तिथला भाग भाजू शकते. रुग्णांच्या मेंदूला कायमची इजा झाल्याच्या नोंदी आहेत. ही सूचना रुग्णाच्या खिशातल्या कार्डावर मराठीत, ठळक अक्षरांत असायलाच हवी.

बॅटरीबाबतही रुग्णाला आधीच सावध करायला हवे. चार्ज न होणारी बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षे चालते. ती अचानक संपली, तर काल चालणारा माणूस आज अंथरुणाला खिळू शकतो, जिवावरही बेतू शकते. पहिल्या शस्त्रक्रियेसाठी दागिने मोडलेल्या कुटुंबाला दुसऱ्या बॅटरीचा खर्च पहिल्याच भेटीत सांगणे, हे मी वैद्यकीय कर्तव्य समजते.

आणि खरे सांगा, सगळेच सांगा. कंपाचा अपवाद सोडला तर लेव्होडोपाने जे सुधारत नाही ते डीबीएसनेही सहसा सुधारत नाही. तोल, बोलणे, स्मृती यांसाठी ही शस्त्रक्रिया नव्हे. बोलणे कधी बिघडतेही. ‘मेंदूचा पेसमेकर’ एवढे ऐकून आलेल्या रुग्णाला आजार थांबेल असे वाटते. आजार पुढे जातच राहतो.

उलट, ज्यांना फायदा होईल ते फार उशिरा येतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनी-फ्रान्समधल्या २५१ रुग्णांच्या अभ्यासात आजाराला सरासरी अवघी साडेसात वर्षे झाली होती. डीबीएस झालेल्यांचे जगणे नुसत्या औषधांवरच्या रुग्णांपेक्षा स्पष्टपणे सुधारले. तेव्हा फॅमिली डॉक्टरांना विनंती : दिवसात लेव्होडोपाचे पाच डोस होऊ लागले, दोन तास गोळीचा असर उतरलेला राहू लागला किंवा तासभर त्रासदायक अनैच्छिक हालचाली होऊ लागल्या, तर रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवा. त्याला खुर्ची सुटेनाशी होईपर्यंत थांबू नका.

पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळासारखे गट रुग्णांना धीर देण्याचे मोठे काम करतात. प्रवाह जुळवण्याचा, म्हणजे प्रोग्रॅमिंगचा, भार मात्र आपणच उचलायचा आहे. म्हणून माझा ठराव असा : डीबीएस करणाऱ्या प्रत्येक केंद्राने प्रोग्रॅमिंगसाठी प्रशिक्षित परिचारिका पूर्णवेळ नेमावी, आणि जिल्हा रुग्णालयांतल्या निदान एका डॉक्टरला यंत्र तपासायला, बॅटरी पाहायला शिकवावे. या शिकवण्याची जबाबदारी घ्यायला माझा विभाग तयार आहे. कोणकोणते जिल्हे पुढे येतात, ते आजच्या समारोपाच्या बैठकीत नोंदवून घेऊ.