अनामिकांचा मान



आद्य शंकराचार्यांचे समाधिस्थान म्हणून केदारनाथ येथे पूजिले जाणारे स्थळ जून २०१३ च्या महापुरात वाहून गेले; २०२१ मध्ये ते नव्याने उभे राहिले. ते कोणाचे, हे तेथे कोणास विचारावे लागले नाही. परंतु जेथे शेकडो सामान्य माणसे चिरविश्रांती घेत आहेत, अशी दफनभूमीच नदीने उखडून नेली, तर कोणत्या अस्थी कोणाच्या, हे कसे ठरवावे?

अमेरिकेच्या मिसूरी राज्यातील हार्डिन या लहानशा गावावर हा प्रसंग ओढवला. जुलै १९९३ मध्ये मिसूरी नदीचा पूर तेथील एकोणिसाव्या शतकापासूनच्या दफनभूमीत शिरला. सुमारे १५०० कबरींपैकी ७०० हून अधिक वाहून गेल्या. प्रवाहाने माती खरवडून नेली. बंद शवपेट्यांत हवा कोंडलेली असल्यामुळे त्या तरंगत दूरच्या शेतांत जाऊन पडल्या. जीर्ण पेट्या फुटून अस्थी विखुरल्या.

मग मानवी अस्थींचे अभ्यासक आणि अंत्यविधीचे जाणकार एकत्र आले. पुराणवस्तुसंशोधक उत्खननात जे काम सावकाश करतो, ते येथे त्वरेने, तरीही काटेकोरपणे करणे प्राप्त होते. हाडांवरून वय, स्त्री की पुरुष, उंची, जुने अस्थिभंग हे पाहावयाचे. दात, वस्त्रे, अलंकार, पेटीची घडण हे टिपून ठेवावयाचे. आणि आप्तांच्या आठवणींशी ते सारे ताडून पाहावयाचे. आजीच्या बोटात कोणती अंगठी होती? वडिलांचे कोणते हाड मोडले होते? अशा घरगुती आठवणींना तेथे पुराव्याचे मोल आले.

सहाशेहून अधिक जणांचे अवशेष हाती लागले. ओळख मात्र सुमारे १२० जणांचीच पटली. ज्यांना ओळखणारे कोणी उरले नव्हते, त्यांच्यापुढे शास्त्रही थबकले. हाड वय सांगते, नाव सांगत नाही. नाव सांगते ती माणसाची आठवण, किंवा वेळीच लिहिलेली वही. तरीही त्या अनामिकांची उपेक्षा झाली नाही; त्याच गावच्या भूमीत त्यांना पुन्हा विसावा देण्यात आला.

यातून घ्यावयाचा बोध साधा आहे. समाधी असो वा कबर, तिचा नकाशा, शिलालेखाची नक्कल आणि छायाचित्र आपत्ती येण्यापूर्वीच सिद्ध असावे, आणि त्याची एक प्रत पुराच्या आवाक्याबाहेर ठेवावी. पूर ओसरल्यावर दगड पुन्हा बसविता येतो. पुसलेले नाव पुन्हा कोरावयाचे, तर ते कोठे तरी लिहिलेले असावे लागते. पूर्वजांची नोंद राखणे हीदेखील त्यांची सेवाच आहे.